हवा बंद ठेवण्याची वेळ

"काकानू, माझाच कायतरी चुकता," असं अक्षया म्हणाली आणि सेबॅस्टियनच्या बशीतला चहा हिंदकळून त्याच्या खाकी पँटवर सांडला. चहा गरम होता, पण चटका बसला तो वाक्याचा. तसं बघितलं तर वाक्यात काही नव्हतं. सोमवारची सकाळ होती, खाडीवरून वारा येत होता, टाकीत हवा सोडणारं यंत्र नेहमीसारखं घुमत होतं, आणि प्रयोगशाळा म्हणवणाऱ्या त्या कोंदट खोलीत मुलीने काचेची नळी खिडकीतल्या उजेडाकडे धरली होती. नळीतलं पाणी आजही गडद गुलाबी होतं. ते फिकं व्हायला हवं होतं. गेला महिनाभर ते फिकं व्हायला हवं होतं आणि होत नव्हतं. ते का होत नाही हे साऱ्या गावात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस मान खाली घालून पँटवरचा चहा पुसत होता.

गावातली माणसं त्या जागेला 'घाणीचो कारखानो' म्हणत आणि तिथून जाताना नाकाला रुमाल लावत. वास येवो न येवो, रुमाल लावायचाच. पर्यटक वाढले, घरोघरी खोल्या भाड्याने देण्याच्या पाट्या लागल्या, किनाऱ्यावर हॉटेलं उठली, आणि ह्या सगळ्यांच्या मोऱ्या-संडासांचं पाणी कुठेतरी जायला हवं म्हणून खाडीकाठी ह्या टाक्या बांधल्या गेल्या. सेबॅस्टियनने उमेदीची वर्षं गोव्याच्या बोटींवर इंजिनं सांभाळण्यात घालवली होती. कार्मेलिना गेल्यावर त्याला बोट नको झाली, घरही नको झालं, आणि घरापासून चालत येण्याजोगी ही नोकरी मिळाली तेव्हा त्याने ती कसली आहे हेसुद्धा नीट विचारलं नाही. अक्षया केंद्राची प्रमुख. धामापूरकडच्या शेतकऱ्याची पोर, कोल्हापुरात शिकलेली, वयाने त्याच्या मुलीएवढी. म्हणजे मुलगी असती तर तिच्याएवढी. पहिल्याच दिवशी तिने त्याला टाकीच्या कठड्याशी उभं केलं. खाली तपकिरी पाणी बुडबुड्यांनी नुसतं खदखदत होतं. ती म्हणाली, "काकानू, हंय खरे कामगार आपण नाय. ह्या पाण्यात जंतू आसत, ते काम करतत. तेंका श्वास घेवक हवा लागता, ती आपण द्यायची. बस." ती हे सगळ्यांनाच सांगत असे. शाळेची पोरं सहलीला आली की त्यांनाही सांगे. पण सेबॅस्टियनच्या मनात ते असं रुतून बसलं की त्या दिवसापासून त्याने त्या टाकीकडे पाणी म्हणून कधी बघितलंच नाही. आत कोणी आहेत, ते श्वास घेतात, आणि त्यांचा श्वास आपल्या हातात आहे. रात्री घरी उशीवर डोकं टेकलं तरी यंत्राची घुमघुम कानात असे आणि तिच्यामुळेच त्याला झोप लागे. बायको गेल्यापासून इतकी शांत झोप त्याला ह्या घाणीच्या कारखान्यानेच दिली होती, हे तो कुणाला सांगणार?

आणि मग महिन्यापूर्वी ही पोरगी कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आली आणि म्हणाली, हवा बंद करायची. कायमची नाही, पाळीपाळीने. काही वेळ चालू, काही वेळ बंद. तिने फळ्यावर बाण काढून दाखवले आणि परीक्षेला बसल्यासारख्या शुद्ध मराठीत समजावलं. घाणीतल्या अमोनियाचं हवेवर जगणारे जंतू नायट्रेट करतात, इथवर आपलं काम चोख आहे. पण ते नायट्रेट पाण्यात विरघळलेलंच राहतं आणि खाडीत जातं; नळीत गुलाबी दिसतं ते तेच. दिसायला पाणी नितळ, पण शेवाळाला ते खत. भाताला युरिया द्यावा तसं आपण खाडीला खत घालतोय. ते काढायचं तर मधेमधे हवा तोडायची. हवा तुटली की दुसऱ्या जातीचे जंतू श्वासासाठी त्या नायट्रेटमधलाच प्राणवायू ओढून घेतात, आणि सुटा झालेला नायट्रोजन वायू होऊन वर निघून जातो, जिथून आला तिथे. सेबॅस्टियनने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आणि पयले जंतू? हवा नाय तर तेंचा काय?" "ते मरणत नाय काकानू, थांबतत नुसते." "थांबतत म्हणजे?" ती हसली. "थांबतत म्हणजे थांबतत!" तिच्या वयाला थांबणं ही अशीच हसण्यासारखी गोष्ट असते. सेबॅस्टियनही हसला, कारण बाई हसली की हसावं, एवढी रीत त्याला कळत होती.

बंद ठेवण्याची पहिली वेळ दुपारची होती, दुसरी रात्रीची. अक्षयाला दुपारी दुसऱ्या गावच्या केंद्रावर जावं लागे, म्हणून हे काम त्याच्यावर सोपवून ती स्कूटरवर बसून गेली. त्याने खटका फिरवला. यंत्राचा आवाज खाली खाली येत बसला, आणि एवढा वेळ त्याच्याखाली दबलेले आवाज एकेक करून वर आले: माडांच्या झावळ्या, लांबवर कुणाच्या तरी होडीचं इंजिन, त्याचा स्वतःचा श्वास. टाकीतले बुडबुडे आधी मधोमध विरळ झाले. मग कडेचे गेले. मग एका कोपऱ्यात थोडे उरले, थांबत थांबत येणारे, एक आला, मग बराच वेळ नाही, मग एक. मग तेही नाही. तळाचा पंखा पाणी हलकेच ढवळत होता, पण वर काही उमटत नव्हतं. तपकिरी, सपाट, मिटलेल्या डोळ्यासारखं पाणी. सेबॅस्टियनची छाती आवळली. त्याला वाटलं आपण श्वास घ्यायचा विसरलोय, आणि त्याने घ्यायला तोंड उघडलं तर आत काही जाईना. हात आपोआप खटक्याकडे गेला. यंत्र पुन्हा घुमू लागलं, पाणी पुन्हा खदखदलं, आणि तो कठड्याला धरून घामाने निथळत उभा राहिला. 'उद्या बंद ठेवू', त्याने स्वतःला सांगितलं. उद्याला काही तोटा नसतो. रात्रपाळीच्या शंकरला त्याने एवढंच सांगितलं की खटक्याला हात लावू नको, आणि शंकर हा चालत्या यंत्राला हात लावणाऱ्यांतला मुळी नव्हताच. अशी ती हवा महिनाभर अखंड चालू राहिली, आणि अक्षयाच्या नळीतलं पाणी गुलाबी राहिलं.

तिला वाटलं, जंतूंना खाणं कमी पडतंय. हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुण्याचं पाणीच जास्त, त्यात अन्नाचा अंश कुठून असणार? त्या दुसऱ्या जंतूंना गोडाधोडाचं काहीतरी लागतं, ती म्हणाली. काजूचा हंगाम होता, बिया काढून घेतलेले बोंडू बागाबागांतून ढिगांनी कुजत होते, आणि सेबॅस्टियनच्याच परसातल्या बोंडूंपासून सुरुवात झाली. तो आणि अक्षया मिळून ते पिळत, रस पिंपात भरत आणि थोडा थोडा टाकीत सोडत. सगळ्या केंद्रावर आंबूस गोड वास दाटला. शंकर म्हणाला, "सेबा, ह्या जंतूंका फेणी पाजतंस काय रे? पोलिसांका कळला तर आमका दोगांका धरून नेतीत." तिघंही खूप हसले. त्यातलं सेबॅस्टियनचं हसू खोटं होतं, कारण हवा चालू असताना तो रस भलतेच जंतू गट्ट करत होते आणि ज्यांच्यासाठी पोरीने हात चिकट करून घेतले ते उपाशीच राहत होते. बोंडूच्या रसाने तिच्या बोटांची सालं निघाली होती. ती कागदावर हिशेब मांडी, खोडी, पुन्हा मांडी. लबाडी करणाऱ्या माणसाला निदान काही मिळतं. सेबॅस्टियनला ह्यात काय मिळत होतं? बुडबुडे. एवढंच.

बुडबुडे त्याने आधी एका बाटलीत बघितले होते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कार्मेलिनाला ज्या इस्पितळात ठेवलं होतं तिथे खाटेच्या डोक्याशी, भिंतीला, पाण्याने अर्धी भरलेली एक बाटली होती. नळीतून येणारा प्राणवायू त्या पाण्यातून बुडबुडत जाई आणि मग तिच्या नाकातोंडावरच्या मुखवट्यात. माणसं कमी पडत होती म्हणून त्याला अंगभर प्लास्टिक चढवून तिच्याजवळ बसू देत. बोलायला ती थकली होती, बोलायला त्यालाही काही सुचत नव्हतं, आणि यंत्रांवर जन्म काढलेला माणूस, त्याची नजर आपसूक त्या बाटलीवर स्थिरावली. बुडबुडे आहेत तोवर सगळं चालू आहे. सुईणीने पोटावर हात ठेवावा तसा तो डोळे बाटलीवर ठेवून बसे. मनात तेर्साच्या जपमाळेचे मणी ओढायचे तेही तो बुडबुड्यांच्या लयीत ओढू लागला. आणि एका दुपारी नर्स आली, तिने भिंतीवरची चावी फिरवली, बुडबुडे थांबले, आणि कार्मेलिना गेली. ह्या क्रमाने. "बंद करू नका!" असा तो ओरडला होता, आणि आपला आवाज त्याला आजही ऐकू येत होता. कोणी त्याला कधी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर त्याने हाच क्रम सांगितला असता.

काल रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर जॉयसी त्याच्या घरापुढच्या खळ्यात येऊन बसली. जॉयसी ही कार्मेलिनाची धाकटी बहीण, खाडीच्या चिखलात वाकून तिसऱ्यांचे शिंपले काढणाऱ्या बायकांतली एक. नवरा परदेशी बोटीवर, घर तिच्या टोपलीवर चालायचं. बहीण गेल्यापासून दर रविवारी ती भावोजींसाठी वाडगाभर तिसऱ्या आणून ठेवी, आणि तो त्यांचं सुकं करून दोन वेळा खाई. त्या दोघांत शोकाची भाषा एवढीच होती. काल तिच्या हातात वाडगा नव्हता. "गावणत नाय भावोजी," ती पदराने मान पुसत म्हणाली. "सुकतेक पाणी उतारल्यार गेलंय तर चिखलार सगळी शेवाळ, गोधडी पांघरल्यासारखी. ती काढून बघलंय तर खाली सगळ्यो तिसऱ्यो तोंडा उघडून मेलेल्यो. खाडयेचो श्वास कोंडलोहा." सेबॅस्टियन पायरीवरून उठला आणि काही कारण नसताना विहिरीपर्यंत जाऊन परत आला. जॉयसी आपल्याच नादात होती. "आमच्या कार्मेलिनाक श्वास कसो धरूचो तां ठावक होता. ल्हान असताना कालवां काढूक ती खडपाकडे बुडकी मारी. इतको वेळ खाली ऱ्हवा की मी काठार बसान रडंय, म्हटलंय, आता काय ही येवची नाय. मगे पयले बुडबुडे येयत, आणि मागसून तिचा डोक्या. दात काढीत! माका सांगी, 'रडतंस कित्याक गो? श्वास नुसतो थांबवलेलंय.'" मग उशीर झाला म्हणून जॉयसी उठली, आणि जाता जाता म्हणाली की खाडीच्या तोंडाकडचा पट्टा अजून बरा आहे, बायका आता तिथे जाणार आहेत.

"उद्या ऑफिसात जावन सांगतंय," अक्षया नळी धुऊन उपडी ठेवत म्हणाली. "म्हणतंय, हंय ही पद्धत चलणा नाय. मगे ते आपला जुनाच काढतले, पाइप लांब करूया म्हणतले, खाडयेच्या तोंडापर्यंत. थंय पाणी खोल आसा म्हणान सगळा धुवान जाता, असा तेंचा म्हणणा." तिने हात कमरेवर ठेवून खोलीभर नजर फिरवली; पिंपं, बोंडूची टोपली, फळ्यावरचे बाण. तिला रडू येत होतं आणि ती प्रमुख असल्यामुळे रडत नव्हती. "शिकान काय उपयोग झालो?" असं ती पुटपुटली, त्याला नव्हे, त्या बाणांना. सेबॅस्टियनने कपबशी खिडकीत ठेवली. खाडीच्या तोंडाकडचा पट्टा अजून बरा आहे. जॉयसीचं हे वाक्य आणि अक्षयाचं ते वाक्य त्याच्या डोक्यात एकमेकांना येऊन चिकटली आणि सुटेनात. तो बाहेर येऊन कठड्याशी उभा राहिला. टाकी खदखदत होती, जोमाने, छान, काळजीचं कारण नाही अशी. कठड्यापलीकडे खाडी होती, आणि खाडीकडे त्याने महिनाभर, खरं म्हणजे ही नोकरी धरल्यापासून, एकदाही निरखून बघितलं नव्हतं. आता बघितलं. ओहोटी लागली होती. उघड्या पडलेल्या चिखलावर हिरवा थर होता, कडेकडेने वाळून भुरका झालेला, आणि एरवी ह्या वेळेला वाकलेल्या बायकांची रांग दिसायची तिथे एक बगळासुद्धा नव्हता. बुडबुडे आहेत तोवर सगळं चालू आहे. कोण म्हणालं होतं हे? आणि तेव्हा, भर सकाळच्या उन्हात, त्याला तो क्रम खरा कसा होता ते आठवलं. आठवलं म्हणणं बरोबर नाही; ते त्याला माहीतच होतं, त्याने फक्त त्याच्यावर शेवाळ वाढू दिलं होतं. नर्स आली तेव्हा कार्मेलिना गेलेली होती. बराच वेळ आधी गेलेली होती. नर्सने कपाळाला हात लावला, मनगट धरलं, त्याच्याकडे बघितलं, आणि मग चावी फिरवली. त्या सगळ्या वेळात बाटलीत बुडबुडे उत्तम चालले होते. तो बुडबुड्यांकडे बघत बसला होता आणि हाताच्या अंतरावर ती निघून गेली. कदाचित तिने त्याच्याकडे बघितलंही असेल, कदाचित तिला वाटलं असेल हा आता इकडे बघेल. त्याने बघितलं नाही. ही गोष्ट इतकी साधी होती आणि इतकी असह्य होती की ती नर्सच्या माथी मारण्यावाचून त्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता.

तो परत आत आला तेव्हा अक्षया पिशवी भरत होती. "बाय," तो म्हणाला. एरवी तो तिला मॅडम म्हणे. "आज जाव नको. दुपारी हंयच ऱ्हव." "कित्याक?" "हवा बंद करूची आसा. माका एकट्याक जमणा नाय." ती त्याच्याकडे बघत राहिली. समजायला तिला थोडा वेळ लागला, आणि समजत असताना तिचा चेहरा कसा बदलत गेला ते सगळं त्याने बघितलं. ह्या वेळी त्याने नजर कुठेही वळवली नाही. "एकदाय बंद केलास नाय?" तिने हळू विचारलं. "नाय." "एकदाय?" "बंद केलंय, पण ठेवूक जमला नाय. म्हटलंय, गुदमारतीत." टोपलीतला एक बोंडू तिने उचलला आणि भिंतीवर फेकून मारला; रस फळ्यावरच्या बाणांवरून ओघळला. मग ती बाहेर निघून गेली, आणि फाटकाशी स्कूटरला टेकून बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. सेबॅस्टियनने तिची वाट बघितली नाही, पण तिथून हललाही नाही. माफी मागायची तर कशा शब्दांत, ते त्याला माहीत नव्हतं. कार्मेलिनाची मागायची राहिली होती ती आधी की हिची आधी, असं काहीतरी वेडंवाकडं त्याच्या मनात येत होतं. अखेर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला नाही, पावलांचा आला. ती प्लास्टिकच्या दोन खुर्च्या ओढत आणत होती. त्या तिने टाकीच्या कठड्याशी मांडल्या, एकीवर बसली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "करा बंद."

दुपारी टाकी पुन्हा तशीच मिटली. आधी मधले बुडबुडे गेले, मग कडेचे, मग कोपऱ्यातले. सपाट पाण्यावर आकाश येऊन पडलं. छाती आवळायची होती ती आवळलीच; माणूस एका दिवसात थोडाच बदलतो! त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. खटका चार पावलांवर होता. अक्षया त्याच्याकडे बघत नव्हती, पण तिने आपली खुर्ची तो खटका आणि तो ह्यांच्या मधोमध ठेवलीय, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला त्या पोरीबद्दल माया दाटून आली. "कसा वाटता?" तिने रागातच विचारलं. "बुडकी मारल्यासारख्या," तो म्हणाला. ते तिला कळलं नसावं. माडांची सावली कठड्यावरून सरकत टाकीवर आली. तळाचा पंखा मुकाट्याने फिरत होता. खाली, जिथे दिसत नाही तिथे, एका जातीचे थांबले होते आणि दुसऱ्या जातीचे पुढे सरकले होते, असं फळ्यावर होतं. त्याला आता फळ्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. काठावर बसून रडणारी लहान जॉयसी त्याला आठवली. तिलाही कोणी सांगितलं असेल, रडू नको गो, येईल वर. सांगून काय होतं? काठावरच्या माणसाला नुसतं बसावं लागतं, आणि तेच सगळ्यांत कठीण.

मग पाण्यावर काहीतरी उमटलं. त्याला वाटलं माशी बसली. दुसऱ्या बाजूला आणखी एक. बारीक, मोहरीएवढे, यंत्राने सोडलेल्या दांडग्या बुडबुड्यांशी काही नातं नसलेले, कुणीही न सोडलेले बुडबुडे खालून एकेक करून वर येत होते, क्षणभर पाण्याला बिलगत होते आणि फुटत होते. थोड्या वेळात टाकीभर त्यांची बारीक चरचर ऐकू येऊ लागली. सेबॅस्टियन खुर्चीत पुढे झुकला. आधी बुडबुडे, आणि मागून डोकं. एवढं एक क्षणभर त्याने होऊ दिलं. ओले केस, कपाळावर चिकटलेले, आणि दात काढून हसणारं तोंड. आलं नाही ते. येणार नव्हतंच. बुडबुडे तेवढे आले आणि वर गेले, आणि त्याची छाती कधी सैल झाली ते त्याला कळलंही नाही. "तोच," अक्षया कुजबुजली. "नायट्रोजन. चललो बघा वर." त्या फुटणाऱ्या ठिपक्यांवर अजून पुष्कळ वेळ बघत बसता आलं असतं. सेबॅस्टियनने नजर उचलली आणि बाजूच्या मुलीकडे वळवली. बोंडूच्या रसाने सोललेली बोटं तिने ओठांवर दाबून धरली होती, आणि आता प्रमुख असूनही ती रडत होती. तो बघतोय हे तिला जाणवलं.

"माझ्याकडे काय बघतास? थंय बघा, पाण्यात."

"पाणी काय, चलता आपला," तो म्हणाला, आणि तिच्याकडेच बघत राहिला.